उकंडाने परत केलेला नारळ

उकंडाला तू किती ओळखत होतास, असं बशीरला कोणी विचारलं असतं तर त्यानं मान खाली घालून सांगितलं असतं, की फारसं नाही. आठवड्यातला एक दिवस, तोही बाजाराचा. दोघं एका छपराखाली बसत, एवढंच. उकंडाला एक मुलगी आहे आणि ती दिग्रसकडे दिलेली आहे, हे बशीरला कळलं ते तिच्या बाळंतपणापायी उकंडाचा एक बाजार चुकला तेव्हा. त्याला रात्री झोप लागते का, घरी कांताबाईशी तो काय बोलतो, कशाला भितो, हे बशीरनं कधी विचारलं नाही आणि उकंडानं कधी सांगितलं नाही. गावोगावची माणसं आपलं दुखणं ज्याच्या कानाशी आणून टाकत, त्या माणसाचं स्वतःचं दुखणं कोणाच्या कानावर गेलं असेल असं बशीरला वाटत नाही.

आणि लोक त्याला काय सांगत तेही बशीरला ठाऊक नव्हतं. एकाच छपराखाली बसून ठाऊक नव्हतं. त्याला कारण होतं.

बशीर पिंजारी होता. घाटंजीच्या बाजाराच्या कडेला, कडुलिंबाखाली त्याचं छप्पर होतं. जुन्या गाद्या, रजया उसवायच्या, दबलेला कापूस धनुकलीवर पिंजून फुलवायचा, पुन्हा भरून द्यायचा, हे त्याचं काम. छपराच्या दुसऱ्या कोपऱ्यात उकंडा अंबाडीचे दोर विकायला बसे. दावी, कासरे, विहिरीचे नाडे. बसल्या जागी नवा दोर वळणंही चाले. हॉटेलवाला उकंडाचा कप वेगळा ठेवायचा, बाहेर वळचणीला. म्हणून बशीर आपल्या घरून एक जास्तीचा कप घेऊन येऊ लागला आणि दोघांचा चहा छपरातच मागवू लागला. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत.

पूर्वी उकंडा भगत होता. त्याच्या गावाबाहेर मरीमायचं ठाणं होतं, आणि मंगळवारी तिथं माणसं जमत. कोणाला झोप नाही, कोणाचं जेवण तुटलं, कोणी बाई सासरी जायचं नाव घेतलं की दातखीळ बसते. लिंबू, नारळ, कोंबडं आणि सव्वा रुपया ठाण्यापुढे ठेवायचा. पैसा देवीचा. त्यातून दिव्याचं तेल यायचं, उरल्या पैशातून उकंडाच्या घरी ज्वारी यायची, आणि तो पैसा नेमका कोणाचा हे त्याला स्वतःला कधी विचारावं लागलं नाही. बशीरची आई आयशाबी नवरा गेल्यावर एकदा कोणाला न सांगता तिथं जाऊन आली होती. ती सांगायची, "देवी तं आखरीले आली. तवर त्यानं विचारून विचारूनच माझं आधं दुखणं काढलं."

छप्पन सालच्या दसऱ्याला उकंडा वस्तीतल्या मंडळींबरोबर नागपूरला गेला, काही वाट पायी, काही रेल्वेनं. बौद्ध धर्माची दीक्षा आणि देव-अंगारे सोडल्याची शपथ घेऊन परत आला तेव्हा अंगावर पांढरे कपडे होते. आल्या आल्या त्यानं ठाण्यावरचे शेंदराचे दगड उचलले, वाघाडी नदीच्या डोहात सोडले, आणि घरी येऊन झोपला. दोन दिवस तो उठलाच नाही, असं कांताबाई सांगायची. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं की आधार गेला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आता आपण फक्त दोरवाला, असं त्यानं ठरवलं होतं. पण माणसं यायची थांबली नाहीत. ठाण्यावर कोणी नाही म्हणून ती बाजारात येऊ लागली. भूत काढू नको, अंगात आणू नको, पण दोन घडी जवळ बसू दे, असं म्हणू लागली. नाही म्हणायला जो जोर लागतो तो उकंडाजवळ नव्हता. आलेल्या माणसाच्या हातात तो वळत्या दोराचं दुसरं टोक देई. दोर वळायला दोन माणसं लागतातच. एकानं टोक ताणून धरायचं, दुसऱ्यानं पीळ देत जायचं. दोघांची नजर दोरावर. तोंडाकडे पाहायची गरज नाही. अशानं माणूस हळूहळू बोलायला लागे.

पहिल्याच वर्षी उकंडानं बशीरला सांगून ठेवलं होतं, की माझ्याजवळ कोणी बसलं की तुझी धनुकली थांबवू नको. धनुकलीच्या तातेवर, त्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी मुठीचा ठोका पडला की असा आवाज निघतो, की हातभर अंतरावरचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हापासून बशीरनं तो आवाज सांभाळला. कापूस संपला तर पिंजलेलाच पुन्हा पिंजी. म्हणून त्याला काही ठाऊक नव्हतं.

पैसे मात्र उकंडा कोणाकडूनच घेत नव्हता. कोणी चार आणे पुढे केले की परत सारायचा. बशीरनं एकदा विचारलं, काहून घेत नाहीस?

"तवा पैसा देवीचा व्हता, बशीरभाई. आता देवी गेली. मंग हा कोनाचा?"

"तुझा."

"माहा कायचा? मी नुसता आयकतो. वरून दोराचं टोक बी तेच धरतात. खरं पाह्यलं तं मजुरी मीच द्याले पायजे."

बशीर हसला. उकंडा हसला नाही. त्याच्या वस्तीतही हे सगळ्यांना माहीत होतं. जुना धंदा सोडला, एक पैसा घेत नाही, म्हणून तिथं त्याला मान होता. फक्त कांताबाईला तो मान परवडत नव्हता. एकदा ती बाजारात आली तेव्हा बशीरला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "लोकायचं रडनं घरी आनते हा मानूस. पीठ नाही आनत." उकंडानं ते ऐकलं आणि पीळ देत राहिला.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात धनसिंग आपल्या बायकोला घेऊन आला. घाटंजीपासून दोन कोसांवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला तो. कापूस बरा पिकवणारा, स्वतःची बैलजोडी असलेला. बायको रामीबाई. तिचं तिसरं लेकरू पोटातच गेलं होतं आणि तेव्हापासून ती बोलत नव्हती. कामं सगळी करायची. पाणी आणायची, भाकरी थापायची. पण तोंडातून शब्द नाही. धनसिंगनं तिला वैदूकडे नेलं, दर्ग्यावर नेलं, यवतमाळच्या डॉक्टरलाही दाखवलं. आता भगत.

"भगत नको म्हनू, उकंडा म्हन," उकंडानं सांगितलं आणि रामीबाईच्या हातात दोराचं टोक दिलं. बशीरनं धनुकली उचलली.

तीन बाजार ती आली. तीनही बाजार तिनं टोक धरलं आणि काही बोलली नाही, हे बशीरला न ऐकताही दिसत होतं, कारण तिचे ओठ हलत नव्हते. उकंडा मात्र मधूनच काहीतरी बोलायचा, दोराकडे पाहत. धनसिंग समोर बैलगाडीच्या जुवाला टेकून बिड्या ओढत बसायचा.

तिसऱ्या बाजारी उकंडाच्या अंगात ताप होता. कापूस वेचणीचे दिवस, आठवडाभर तो दुसऱ्याच्या शेतात राबून आलेला. उठायच्या वेळी धनसिंगनं उपरण्यातून नारळ काढला, त्यावर पाच रुपयांची नोट ठेवली आणि उकंडापुढे सरकवली. एरवी उकंडा दोन शब्द तरी बोलायचा. नको बाप्पा, पुढल्या बाजारी येजा, असं काहीतरी. त्या दिवशी त्यानं तोंड उघडलं नाही. दोन्ही हातांनी नारळ परत सारला, भिंतीला टेकला आणि डोळे मिटले.

धनसिंग थोडा वेळ त्या नारळाकडे पाहत राहिला. मग त्यानं तो उचलून उपरण्यात बांधला, बायकोला खूण केली, आणि गाडी जुंपून निघून गेला.

पुढच्या बाजारी ती दोघं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. रामीबाईनं धरलेला दोर अर्धा राहिला होता. उकंडा तो बरोबर आणायचा, बाजूला ठेवायचा, आणि संध्याकाळी परत न्यायचा.

मग संक्रांत होऊन गेल्यावर धनसिंग एकटाच आला, तो उकंडा यायच्या आधी, आणि उकंडाकडे नाही तर बशीरकडे. खांद्यावर एक जुनी रजई होती. उसवून कापूस चांगला फुलव, नवी लाल खोळ घाल, असं म्हणाला. बशीरनं सहज चेष्टा केली, की थंडी तर सरत आली, आता ऊब कोणासाठी?

"पाव्हनी येऊन राह्यली," धनसिंग म्हणाला.

बोलता बोलता सगळं बाहेर आलं. फुलसावंगीकडची मुलगी पाहिली होती. होळी झाली की लग्न. रामीबाईला तिच्या बापाच्या तांड्यावर नेऊन सोडायचं ठरलं होतं. ती कोणाला त्रास द्यायची नाही, एका कोपऱ्यात राहील, तिच्या बापाला वर्षाची ज्वारी आपण देऊ. धनसिंग हे सांगताना दुष्ट माणसासारखा दिसत नव्हता. खूप दिवस न झोपलेल्या माणसासारखा दिसत होता.

"घरात येतो तं आवाज नाही," तो म्हणाला. "बैलाशी बोलतो मी."

"पन उकंडा पाहून राह्यलता ना तिले? अजून थोडं थांबला असता."

"थांबून काय करू? काही आस असती तं त्यानं नारळ वापस केला असता का?"

बशीरच्या हातातली कात्री तशीच राहिली. त्याला आपले अब्बा आठवले. तो लहान असताना यवतमाळहून हकीम आणले होते. त्यांनी नाडी धरली, बराच वेळ धरली, आणि उठताना आईनं दिलेली फी तिच्याच ओंजळीत परत ठेवली. कोणी एक शब्द बोललं नव्हतं, पण आयशाबी तिथंच भिंतीला धरून खाली बसली. हे त्या भागात सगळ्यांनाच कळतं. वैदू असो, हकीम असो, भगत असो, जो हातातून गेला त्याचा पैसा घेत नाही. तोंडानं कोणी अभद्र बोलत नाही, नारळ परत करतो. ज्यांचं दुखणं लहान होतं आणि ज्यांना उकंडा पुढच्या बाजाराचं बोलावणं द्यायचा, त्यांना परत आलेले चार आणे म्हणजे भलेपणा वाटला. धनसिंगला बोलावणंही मिळालं नव्हतं.

तसं नसेल, असं बशीर म्हणाला. धनसिंग उठला. येत्या बाजारी रजई नेतो, म्हणाला आणि गेला.

उकंडा आला तेव्हा बशीरनं त्याला सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. उकंडा दोर वळत होता. ऐकता ऐकता त्याची बोटं ढिली पडली आणि वळलेला पीळ सरसर सुटत गेला. त्यानं तो पुन्हा धरला नाही.

"मी येवढी वर्षं भगत व्हतो," तो म्हणाला. "चार जनायचे नारळ मीच असे वापस केले असन. काय म्हनून केले ते मले ठाऊक व्हतं, त्यायलेही ठाऊक व्हतं. अन् माह्याच ध्यानात नाही आलं."

"तू तं चांगल्यासाठी केलं."

"कोनाच्या? माह्या. माहं मन साफ राहावं म्हनून केलं. तिच्यासाठी नाही केलं."

थोड्या वेळानं तो अडचण सांगू लागला, आणि ती त्यानं जशी सांगितली तशी बशीरच्या मनात राहिली. तांड्यावर जाऊन पैसे मागितले तर दोन दिवसांत वस्तीत बातमी पोहोचणार, की उकंडानं पुन्हा भगतपणा मांडला. ज्यांच्या बरोबरीनं हात जोडून उभं राहून शपथ घेतली त्यांच्यापुढे जायला तोंड राहणार नाही. आणि तांड्यावर तर पैसा घेतला म्हणजे बाई बरी होणार, असाच हिशेब लागणार. ते तर तो सांगू शकत नव्हता. तिचं पुढे काय होईल हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं.

"घेतले तं खोटा ठरतो. नाही घेतले तं ती जिती असून मेली. सांग, कुठून जाऊ?"

"तांड्याच्या रस्त्यानं," बशीर म्हणाला.

उकंडानं दोर गुंडाळले. "तू बी चाल. एकटा गेलो तं मले भगत म्हनून बसवतीन."

दोघं दुपारी निघाले. रस्ता धुळीचा, दोन्हीकडे वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांची रानं. मध्ये एकदा उकंडा बांधावर बसला, खोकला, आणि म्हणाला की आपल्याला खरं तर माणसांचा कंटाळा आला आहे. पण तेही माणसांनाच सांगावं लागतं. मग उठून चालू लागला.

तांड्यावर धनसिंगच्या अंगणात बाज टाकलेली होती आणि तिच्यावर तांड्याचा नायक लखीराम बसला होता, पांढऱ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा. फुलसावंगीच्या सोयरिकीचंच बोलणं चाललं असावं. उकंडाला पाहून धनसिंग गोंधळला. मग लगबगीनं त्यानं घोंगडी अंथरली आणि आत हाक दिली, नारळ आण, कुंकू आण.

"काही नको आनू," उकंडा उभ्यानंच म्हणाला. "मी भगत म्हनून नाही आलो. माही मजुरी राह्यली तुह्याकडे. तीन बाजाराची. ते मांगाले आलो."

लखीराम नायक मोठ्यानं हसला. "भलताच मानूस हाये. देत व्हते तवा हात झटकले, अन् आता दोन कोस वसुलीले आला."

"हो नायक, वसुलीलेच आलो."

मग त्यानं सांगितलं. नारळ परत केला तो शपथेपायी, तापात होतो म्हणून बोललो नाही, आणि त्याचा अर्थ तुम्ही काय घेणार हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. तिचं सरलं म्हणून तो परत केला नव्हता. हे सांगताना त्याचा आवाज इतका बारीक होता, की नायकानं कानामागे हात धरला. घराच्या दारात रामीबाई उभी होती, ओढणी पुढे ओढलेली. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. बशीर तेवढा पाहत होता.

धनसिंगनं नायकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग बरी होते म्हन."

"ते नाही म्हनत."

"पैसे घेतो अन् बरी होते म्हनत नाही? हा कोनता सौदा?"

"मी तिच्यापाशी बसतो, त्याचे घेतो. बरं होन्याचे नाही घेत. ते माह्या हातात नाही." उकंडानं श्वास घेतला. "आठ आणे बाजाराले. कमी नाही, जास्त नाही. नारळ नाही, कोंबडं नाही. अन् ज्या दिशी मले वाटलं का हे माह्यानं होत नाही, त्या दिशी तोंडानं सांगीन. पैसे वापस करून नाही सांगनार."

नायक आता हसत नव्हता. त्यानं धनसिंगकडे पाहून आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं. ते बशीरला कळलं नाही. धनसिंगनं कमरेच्या पिशवीतून पैसे काढले आणि उकंडाकडे हात केला.

"तिच्याजवळ दे," उकंडा म्हणाला. "तिनं द्यावं. बसते ती."

रामीबाई दारातून खाली उतरली. नवऱ्याच्या हातातून पैसे घेतले आणि उकंडाच्या तळहातावर ठेवले. बोलली काही नाही. उकंडानं मूठ मिटली. त्याच्या सदऱ्याला खिसा नव्हता. मिटलेली मूठ तशीच घेऊन तो घाटंजीपर्यंत चालत आला.

त्या पैशातून त्यानं मीठ, मिरची आणि ज्वारी नेली. कांताबाईनं विचारलं, कुठून? त्यानं सांगितलं. त्या रात्री तिनं भाकरीवर तेल जास्त घातलं, एवढं त्यानं पुढे बशीरला सांगितलं. त्याच्या घरातली बशीरला कळलेली ती जवळजवळ एकच गोष्ट.

वस्तीत व्हायचं ते झालं. मंडळींनी त्याला बोलावून घेतलं, नव्या धर्मात जुना धंदा चालणार नाही म्हणून सुनावलं. उकंडानं तिथंही तेच सांगितलं, की देवाच्या नावानं घेत नाही, बरं करतो म्हणून घेत नाही, बसण्याचे घेतो. काहींना पटलं, काहींना नाही. पौर्णिमेच्या वंदनेला तो मागच्या ओळीत, दाराजवळ बसू लागला. कोणी बसवलं की आपणहून बसला, बशीरला ठाऊक नाही. पुढे पावसाळ्यात, त्याला सुनावणाऱ्यांपैकी सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन छपरात आला आणि खाली पाहत विचारता झाला, किती घेता? उकंडानं भाव सांगितला आणि म्हातारीच्या हातात दोराचं टोक दिलं. बशीरनं धनुकली उचलली.

रामीबाई येत राहिली. धनसिंग दर बाजारी रजई मागायचा आणि दर बाजारी बशीर सांगायचा, की धनुकलीची तात तुटली. "बाकीच्यायच्या रजया पिंजते तवा नाही तुटत. माह्याच कापसाले काटे हायेत का बे?" धनसिंग म्हणायचा. बशीर म्हणायचा, तुझा कापूस फार दबला आहे. लाल खोळ खुंटीवर लटकत राहिली. होळी आली आणि गेली. फुलसावंगीची माणसं एकदा येऊन गेली म्हणे, नंतर आली नाहीत. नाही कोणी म्हटलं, धनसिंगनं की त्यांनी, तेही बशीरला कधी कळलं नाही. रामीबाई मात्र आपल्याच घरी राहिली.

पुढच्या पेरण्या आटोपल्यानंतरची गोष्ट. रामीबाई त्या दिवशी एकटीच आली होती. उकंडापाशी बसली, टोक धरलं. बशीर पिंजत होता. मग केव्हातरी ती उठली आणि बशीरसमोर येऊन उभी राहिली.

"रजई झाली का?"

बशीरच्या हातातली लाकडी मूठ हवेतच राहिली. आवाज बंद पडला. छपराबाहेर कांदे विकणारी बाईसुद्धा वळून पाहू लागली. बशीर रामीबाईच्या तोंडाकडे बघत राहिला.

मागून उकंडाचा आवाज आला, नेहमीचाच, थकलेला. "बशीरभाई, वाजव."

बशीरनं पुन्हा पिंजायला घेतलं. रजई पुढच्या बाजारी तयार होती. तात एकदाही तुटली नाही.

त्या वर्षी दिवाळीला धनसिंग उकंडाच्या दारात कालवड बांधायला घेऊन आला होता. उकंडानं ती घेतली नाही. ठरलेले आठ आणे मिळाले, बाकी काही राहिलं नाही, म्हणाला. उद्या रामीबाईला पुन्हा काही झालं तर ती माझ्या दारात कालवडीकडे बघत बसेल की माझ्याशी बोलेल, असंही म्हणाला. कांताबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्यानंतर दोर वळायला कोणीही बसलं की तो टोक द्यायच्या आधी भाव सांगायचा. ज्याला परवडत नसे त्याच्याशी तिथंच बोलून कमी ठरवायचा, पण ठरवायचा आधी. आणि ठरलं ते घ्यायचाच. ते पुन्हा कधी परत केलं नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. आणे जाऊन नवे पैसे आले, तरी बाजारात लोक आणेच म्हणायचे. उकंडाचा खोकला वाढत गेला. पीळ देताना तो मधेच थांबे, आणि मग टोक धरलेला माणूसच म्हणे, बसा थोडं. एक उन्हाळा असा आला, की तो दोन बाजार आला नाही आणि तिसऱ्या बाजारी कांताबाई एकटी दोर घेऊन आली. कोपऱ्यात त्याच्याच जागी बसली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. बशीरनं चहा मागवला आणि त्या जास्तीच्या कपातून तिला दिला.

उकंडाच्या शेवटच्या बाजारी काही विशेष झालं नव्हतं. ऊन होतं. गिऱ्हाईक कमी. संध्याकाळी उकंडा दोर गुंडाळत होता. बशीरला कापसाचे गठ्ठे बांधायला दोर हवा होता, म्हणून त्यानं सांगितलं, की पुढच्या बाजारी माझ्यासाठी एक जाड दोर आण.

"किती हात?"

"वीस."

"पयले भाव आयक."

"तुझा भाव आयकून काय करू? तू सांगशीन तोच."

"तरी आयक," उकंडा म्हणाला. "बारा आणे."

"बरं," बशीर म्हणाला. "आन मंग."